भुंग्याला मांडवात बसवायचं

चौसाळ्यात कुणाच्या फटफटीचा सायलेन्सर फाटला, तर मेकॅनिकच्या आधी छबुबाईला कळायचं. पदर खोचून ती दारात येई आणि फटफटीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. अशा बाईनं एका सकाळी हलगीवाल्या आसारामला मुद्दाम वाजवायला बोलावलं, तेव्हा गल्लीला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

कारण होतं भुंग्या. आईबापामागं छबुबाईनं वाढवलेली भाची सायली, तिचा हा काळा कुत्रा. सायलीचं लग्न दिंद्रुडच्या रविराजशी ठरलं आणि भुंग्याशिवाय सासरी जाणार नाही, असा तिनं हट्ट धरला. होणारी सासू बबिताबाई बेरकी. ती म्हणाली, "लग्नात समद्यांसमोर गुमान बसलं तर आना संगं. गोंधळ घातला तर हितंच ऱ्हाऊ द्या." आणि भुंग्या तर कुकरच्या शिट्टीलाही बाजेखाली घुसायचा.

मग शाळा भरली. आसाराम लांब पिंपळाखाली हलगी वाजवी आणि इकडे छबुबाई कानात कापसाचे बोळे घालून भुंग्याला गूळभाकरीचा घास देई. कुत्र्याची शेपूट खाली गेली की आसाराम मागं, वर आली की पुढं. हळूहळू हलगी अंगणात आली. मग लवंगी फटाके झाले, मग हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. भुंग्या धीट होत गेला, तसा छबुबाईचा जीव बारीक होऊ लागला. पोरगी तर जाणारच होती, आता कुत्रंही चाललं.

एकदा तिनं आसारामला हळूच म्हटलं, "जरा कचकून वाजव, बुजू दे त्याला. लई शहाणं व्हायलंय."

आसारामनं हलगी खाली ठेवली. तेव्हा तीच ओशाळली. "न्हाई, ऱ्हाऊ दे. पोरीचा जीव हाय त्याच्यात."

लग्नात बँड वाजला, फटाके उडाले. भुंग्या छबुबाईच्या पायाशी जांभया देत बसला होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि "सावधान" म्हणताच अख्ख्या मांडवानं अक्षता टाकायला एकदम हात उगारले. गावच्या कुत्र्याला उगारलेला हात म्हणजे दगड. नेमकं एवढंच शिकवायचं राहिलं होतं! भुंग्या केकाटत सुटला आणि ओटीचं ताट धरून उभ्या असलेल्या बबिताबाईच्या साडीत घुसला.

बोलीप्रमाणं भुंग्या आता इथंच राहणार, म्हणून छबुबाईला पोरीचं वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

"हात खाली घ्या की! भ्यायलंय ते," बबिताबाई मांडवावर डाफरली. बाकीच्या अक्षता पाहुण्यांनी कमरेखालूनच भिरकावल्या, त्या बहुतेक पुढच्याच्या पाठीवर पडल्या.

हार घालून झाल्यावर बबिताबाई म्हणाली, "गोंधळ तर झाला, विहीणबाई, बोलीपरमानं ह्यानं हितंच ऱ्हायला पायजे. पन मला काय जड न्हाई हे. तुमीच सांगा, नेऊ का ठेवू?"

ठेवा म्हणायला छबुबाईनं तोंड उघडलं होतं. पण सायली हार घातलेली उभी होती, आणि नवऱ्याकडं बघायचं सोडून आत्याकडं बघत होती. छबुबाईच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या होत्या. ती खाली बसली, हात न उगारता त्या अक्षता बबिताबाईच्या पायाशी दबलेल्या भुंग्याच्या पाठीवर सोडल्या आणि रडत म्हणाली, "जा बाबा. सुखानं नांद."