हात बसलेलं फ्रेमवर्क

सात रस्त्याजवळच्या एका कंपनीत महेश्वर एका जुन्या फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यावर, वेब ॲप्लिकेशन बनवायचा. एका दवाखान्याचं काम आलं, तेव्हा हाताखालची अक्षता म्हणाली, “सर, हे फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनीच सोडून दिलंय की. त्यातल्या फटी आता कुणी बुजवत नाही. नवं घेऊ या.” पंचेचाळिशीत नव्याने शिकायची त्याला धास्ती वाटली. “माझा हात यावरच बसलाय,” म्हणून त्याने विषय मिटवला.

दोन वर्षांनी त्या फ्रेमवर्कमधली फट हेरून कुणीतरी रुग्णांची माहिती चोरली आणि मोबाइलवरून सगळीकडे पसरवली. मोडनिंबच्या एका बाईला एचआयव्ही असल्याचं गावभर झालं. तिने दवाखान्याकडे केलेल्या तक्रारीवरचा पत्ता घेऊन महेश्वर माफी मागायला गेला, तर दाराला कुलूप.

“पोरांना घिऊन गेली. कुटं, म्हाईत न्हाय,” शेजारीण म्हणाली. “तुमी कोण तिचे?”

“दवाखान्याचं कॉम्प्युटरचं काम मीच केलं होतं.”

शेजारणीने दार लावून घेतलं.