पहिलं ताट पाण्याकडच्या दाराला

"झाडलेल्या दाराला कुणी ओसाड म्हणू नये."

मिस आर्वेला टाइन्स हे रोज सकाळी खराटा हातात घेताना म्हणायच्या. टपालवाल्याला म्हणायच्या, बाकावर पेंगणाऱ्या दारुड्याला म्हणायच्या, आणि एकदा नगरपालिकेच्या सभेतही म्हणाल्या. तिथे टाय लावलेला एक माणूस कागद वाचत होता, की टॉलिव्हर प्लेस ही गल्ली ओसाड आणि मोडकळीला आलेली आहे, सबब तिथे नवी वस्ती उभारणं लोकहिताचं आहे. मिस आर्वेला मागच्या बाकावरून, जागेवरून न उठता बोलल्या. त्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

आमची गल्ली अटलांटिक सिटीच्या इनलेट भागात. एक टोक मोठ्या रस्त्याला, दुसरं टोक बोर्डवॉकला, म्हणजे समुद्राकाठच्या लाकडी फळ्यांच्या फिरायच्या वाटेला. दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा लावून उभी असलेली अरुंद घरं. त्यांत राहणारे आम्ही सगळे काळे लोक, बहुतेकांचे आईबाप व्हर्जिनिया-कॅरोलिनाकडून हॉटेलांत राबायला आलेले. कुणी स्वयंपाकी, कुणी हमाल, कुणी बोर्डवॉकवर वेताच्या खुर्चीत पाहुण्यांना बसवून ढकलत नेणारा. मिस आर्वेला हॉटेलात खोल्या आवरायच्या. मग जुगारखाने आले. जमिनीला सोन्याचा भाव येणार म्हणाले. काहींना तो थोडा मिळाला, बाकीच्यांना नोटीस आली. एकेक घर रिकामं झालं, पडलं, आणि शेवटी त्या रांगांत एकच दार उरलं. पडलेल्या दातांमध्ये एक दाढ उरावी तसं.

शेजारचं घर क्लीओटस बिव्हन्सचं होतं. ते पाडलं तेव्हा मधली भिंत तेवढी राहिली, कारण ती मिस आर्वेलांचीही होती. म्हणून आजही त्यांच्या घराच्या बाहेरच्या अंगाला क्लीओटसच्या स्वयंपाकघराचा हिरवा रंग दिसतो. कॅलेंडरचा खिळासुद्धा आहे. क्लीओटस आता खाडीपलीकडे प्लेझंटव्हिलला राहतो. आला की त्या खिळ्याला टोपी अडकवतो आणि म्हणतो, "चला, घरी पोचलो."

मिस आर्वेला आपल्या दारापुरतं झाडून थांबत नसत. बोर्डवॉकपासून मोठ्या रस्त्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, नसलेल्या प्रत्येक दारासमोर खराटा फिरायचा. जाळीच्या कुंपणामागे माणसाएवढं गवत, पण कुंपणापुढची फरशी आरशासारखी. झाडताना त्या दारांची नावं घ्यायच्या. "पेटीजॉन. व्हिटफील्ड. हे तुझं, क्लीओटस, मेल्या, आणि कोंबडीची हाडं तुझ्याच दारात असतात."

दरवर्षी ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही सगळे गल्लीत परत यायचो. फिलाडेल्फियाहून, नेवार्कहून, खाडीपलीकडून. गल्ली एका दिवसासाठी बंद करायची तर तिथे राहणाऱ्या बहुतेक घरांनी नगरपालिकेकडे मागणी करावी लागते, असा शहराचा नियम. आमच्या गल्लीत घर एकच. त्यामुळे मिस आर्वेला दरवर्षी मागणी करायच्या आणि खिडकीतल्या बाईला सांगायच्या, "सगळ्या गल्लीचं एकमत आहे. भांडण झालं नाही, हे विशेष."

प्रत्येक घराचं टेबल त्याच्या जुन्या दारासमोर लागायचं. आणि जेवणाला क्रम होता. बासष्ट सालच्या वादळात समुद्र गल्लीत शिरला, तेव्हा पाण्याकडच्या घरांच्या चुली आधी बुडाल्या. मोठ्या रस्त्याकडच्या कोरड्या घरांनी रांधलं, आणि पातेली हातोहात समुद्राकडे गेली. मधल्या कुणी झाकण उघडलं नाही. तेव्हापासून पहिलं ताट पाण्याकडच्या शेवटच्या दाराला, म्हणजे पेटीजॉनांना. त्यांनी घास घेतला की पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. मोठ्या रस्त्याकडचे लोक सगळ्यांत शेवटी जेवायचे आणि त्याचा तोरा मिरवायचे.

मी सांगतोय त्या वर्षी, पाडलेल्या घरांच्या जागेवर तिसऱ्यांदा भूमिपूजन ठरलं. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, सोनेरी रंगाच्या फावड्यांनी वाळू उकरतात आणि फोटो काढतात. पहिल्या कंपनीने खड्डा खणला आणि ती बुडाली. दुसरीने मोठा फलक लावला, त्यावर उंच इमारती, माडाची झाडं आणि हसणारी माणसं. आमच्याकडे माड उगवत नाही. खाऱ्या वाऱ्याने दोन हिवाळ्यांत त्या माणसांचे चेहरे खाल्ले, दात तेवढे राहिले. आता तिसरी कंपनी आली होती. खड्डा तोच.

जुलैत मिस्टर पॅरिश आले. कंपनीचा तरुण माणूस, बोलायला गोड, डोक्यावर कोरं करकरीत पांढरं हेल्मेट. मिस आर्वेला पायरीवर बसून शेंगा मोडत होत्या. मी त्यांचं गळकं पन्हळ बसवायला शिडीवर होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"मॅडम, तुमचा तो शनिवार आणि आमचा समारंभ एकाच दिवशी येतोय. बँकेची मोठी माणसं येणार आहेत. त्यांच्या गाड्यांना याच गल्लीतून यावं लागेल."

"मग पुढच्या शनिवारी या. खड्डा कुठे पळून चाललाय?"

पॅरिश हसले. "मी तुमच्या लोकांसाठी काहीतरी चांगलं आणलंय. जुगारखान्याचा मोठा हॉल. गारेगार हवा. खेकडे, भाजलेलं मांस, तीन तऱ्हेचे केक. न्यायला-आणायला बस. सगळं आमच्याकडून. तुम्ही फक्त गल्लीची मागणी मागे घ्या."

"माझं घर नको का तुला?"

"घराचं नंतर बोलू. आज फक्त शनिवार."

मिस आर्वेलांनी एक शेंग त्यांच्या हातात दिली. "मोड. नुसता बसू नकोस. बाळा, घर नसलेली माणसं मी बोलावू शकते. गल्ली नसलेली कशी बोलावू? आज शनिवार दिला, की पुढल्या वर्षी तू नकाशावर बोट ठेवून म्हणशील, ही गल्ली कुणी वापरत नाही, पुसून टाका."

पॅरिश उठले. जाताना हातातली शेंग मात्र त्यांनी नीट मोडून भांड्यात टाकली.

पण त्यांनी आमच्या लोकांना फोन केले. आणि आमच्या लोकांना, खरं सांगायचं तर, हॉल आवडला. क्लीओटस स्वतः सांगायला आला.

"आर्वेला, माझे गुडघे बघ. गेल्या साली त्या डांबरावर मी पावासारखा भाजलो. मिस यूलली पेटीजॉन नव्वदीच्या पुढे आहेत, चाकाच्या खुर्चीत. एक वर्ष गारव्यात बसलो तर काय बिघडलं? माणसं तीच की."

"माणसं तीच."

"मग?"

"मग जा. खेकडा जपून खा, तुला दात किती उरलेत ते मला ठाऊक आहे."

"तू नाही येणार?"

"मी गल्लीत असेन. मी मागणी केलीय. एकमताने."

क्लीओटसने खिळ्यावरची टोपी काढली, दोनदा फिरवली, आणि गेला. मिस आर्वेला त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ते एकदा त्या हॉलमध्ये पोटभर जेवले, की इथे कशाला येतील? मग मी झाडते ते कुणाचं दार?" त्यांना असं विचारताना मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं.

शनिवारी उजाडताच खराटा सुरू झाला. मी पोलिसांनी आणून टाकलेले लाकडी अडथळे मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी उभे केले. मिस आर्वेलांनी खडूने प्रत्येक दारासमोर त्या घराचा आकडा लिहिला. चर्चमधून आणलेली घडीची टेबलं आम्ही दोघांनी मांडली. मक्याच्या पिठात घोळवलेली मासळी, कोलार्डच्या पानांची भाजी, बटाट्याचं सॅलड आणि रताळ्याचं सारण भरून भाजलेले गोड पाय, सगळं त्यांनी एकट्याने केलं होतं, दरसालसारखं, सगळ्यांना पुरेल इतकं. मग त्या पायरीवर बसल्या. वाऱ्याने टेबलांवरचे कागद फडफडत होते. समुद्रपक्षी जाळीवर रांगेत येऊन बसले. तेवढेच पाहुणे.

दुपारी काळ्या गाड्या आल्या आणि अडथळ्यांपाशी थांबल्या. पुढून पॅरिश उतरले. त्यांनी रिकाम्या टेबलांची ती लांब ओळ पाहिली. त्यांचा आवाज खाली आला, त्यात वाईट वाटणंही होतं.

"मॅडम, कुणीच आलेलं नाही. कृपा करून हे बाजूला घ्या."

"गल्ली बंद आहे."

"कुणासाठी?"

"येणाऱ्यांसाठी."

पॅरिशनी सार्जंट ओर्टिझकडे पाहिलं. हा आमच्याच शहराचा पोलीस, त्या दिवशी गल्लीच्या तोंडावर नेमलेला. त्याने टोपी सरळ केली. "सर, परवानगी सूर्य मावळेपर्यंत आहे. किती माणसं यायला हवीत असं तिच्यात लिहिलेलं नाही. एक बाई आहे, ती बसलीय."

"बँकेचे अध्यक्ष गाडीत बसलेत."

"गार हवा चालू असेल ना?" ओर्टिझ म्हणाला.

मिस आर्वेला उठून अडथळ्याला हात लावून उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर होतं. हात त्यांनी काढला नाही. गाड्या भोंगा वाजवू लागल्या.

आणि गाड्यांच्या मागून दुसरा आवाज आला. आधी चाकाची कुरकुर, मग क्लीओटसचं बोलणं, जे मैलावरून ऐकू येतं. मिस यूलली पेटीजॉनना खुर्चीत बसवून तो ढकलत होता, जन्मभर बोर्डवॉकवर पाहुण्यांना ढकललेल्या हातांनी. मागे व्हिटफील्ड, मागे सगळी गल्ली. नटूनथटून, घामाघूम, हातात हॉलमधली झाकलेली ताटं. काळ्या गाड्यांच्या मधल्या फटींतून ते एकामागून एक आत शिरले. एका बाईची केकची पेटी अध्यक्षांच्या काचेला घासून गेली.

"काय रे," मिस आर्वेला म्हणाल्या, "खेकडा चावला का?"

"कसला चावतो. हात कुणी लावलाय त्याला?" क्लीओटस धापा टाकत होता. "गोल टेबलं, आर्वेला. गोल. कुठलं टोक कुठलं, काय कळतंय? त्या हॉलला खिडकी नाही, घड्याळ नाही. ताटं आली. आम्ही बसलो बघत, की सुरुवात कोण करणार. मिस यूलली म्हणाल्या, समुद्र कुठल्या बाजूला आहे ते सांगा, मग मी घास घेते. मी वाढप्याला विचारलं. त्याने गाड्या ठेवायच्या जागेकडे बोट दाखवलं. दुसऱ्याला विचारलं, त्याने स्वयंपाकघराकडे. मग पॅरिशच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणतो, कुठला समुद्र?"

"मी म्हटलं उठा," मिस यूलली खुर्चीतून म्हणाल्या. आवाज बारीक, पण तिखट. "पाणी कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या घरी मी जेवत नाही."

"बस कुठे आहे?"

"बसवाला म्हणाला संध्याकाळी पाच. आम्ही म्हटलं, तुझे पाच तुला लखलाभ."

मिस आर्वेलांनी अडथळ्यावरचा हात काढला आणि मिस यूललींच्या खांद्यावर ठेवला. खुर्ची आमच्यामधून समुद्राच्या टोकाला गेली, शेवटच्या खडूच्या आकड्यापाशी थांबली. पहिलं ताट तिथे गेलं, हातोहात, प्रत्येक दाराने पुढच्या दाराला दिलं. कुणी झाकण उघडलं नाही. मिस यूललींनी मासळीचा तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि मान हलवली. तेव्हा कुठे गल्ली जेवायला बसली.

पॅरिश अजून अडथळ्याबाहेर होते. हेल्मेटखालून घाम गळत होता.

"चालत येऊ का आम्ही?" त्यांनी विचारलं.

"चालत कुणीही येऊ शकतं," मिस आर्वेला म्हणाल्या. "गाडीला गल्ली बंद आहे, माणसाला नाही. पण तुम्ही मोठ्या रस्त्याकडून आलात. तुमचं ताट शेवटी."

बँकेची मंडळी महागड्या बुटांनी आमच्या टेबलांमधून चालत खड्ड्यापर्यंत गेली. कुंपणाचं कुलूप निघालं. सोनेरी फावडी वाटली गेली, फोटो निघाले. अध्यक्षांनी जरा जोरातच फावडं मारलं आणि वाळू जाळीवरून उडून फरशीवर पडली. नेमकी क्लीओटसच्या दारात.

क्लीओटस हिरव्या भिंतीखाली बसला होता. त्याने आपल्या बुटांवरची वाळू पाहिली, मग अध्यक्षांकडे. "तिसऱ्यांदा उकरताय," तो म्हणाला. "काही हरवलंय का तुमचं?"

हशा पाण्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. अध्यक्षही कसनुसे हसले. मिस आर्वेला हसल्या नाहीत. त्यांनी दाराआडचा खराटा घेतला, ती वाळू गोळा केली, आणि कुंपणाच्या दारातून आत नेऊन खड्ड्यात परत लोटली. थोडीच होती, पण नीट लोटली. मग अध्यक्षांना म्हणाल्या, "तुमच्या बाजूची तुमच्याकडे. आता बसा, रताळ्याचा पाय येईल तुमच्यापर्यंत. वेळ लागेल."

ते बसले नाहीत. पॅरिश मात्र मागे राहिले. एका हातात सोनेरी फावडं, दुसऱ्या हातात कागदी ताट. त्यांना शेवटची मासळी मिळाली, गार झालेली, आणि त्यांनी ती उभ्यानेच सगळी खाल्ली.

ऊन उतरलं. टेबलं घडी होऊ लागली. मिस आर्वेलांनी कमरेचा एप्रन घट्ट केला आणि मोठ्या रस्त्याच्या टोकापासून झाडायला सुरुवात केली. खडूचे आकडे त्यांनी पुसले नाहीत, खराटा त्यांच्या कडेकडेने फिरवला. दार-दार घेत, नाव-नाव घेत त्या समुद्राकडे निघाल्या. त्यांची आकृती लहान होत गेली, खराट्याची सरसर मात्र कानावर राहिली. टेबलावर हात टेकून क्लीओटस पाहत होता, खुर्चीतून मिस यूलली पाहत होत्या, अडथळ्याशी ओर्टिझ पाहत होता, मी पाहत होतो. आणि कुंपणाच्या दारात, पायाशी फावडं टेकवून, डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलेले मिस्टर पॅरिश.