धोट्याची रायफल

लवू परबाला 'नाही' म्हणता येत नसे. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या तोंडून 'मिळेल' निसटलेलं असे, आणि मग 'नाही'ला जागाच उरत नसे. अंधेरीला मार्तंडशेठच्या गोदामात तो कामाला होता. सिनेमावाल्यांना लागेल ती वस्तू भाड्यानं पुरवायची, हा शेठचा धंदा. सिंहासन म्हणा, पालखी म्हणा, हार घातलेला कुणाच्याही आजोबांचा फोटो म्हणा. गिऱ्हाईक दारात उभं राहून 'पितळी तोफ' एवढं म्हणालं की आतून आवाज येई, "मिळेल." मग लवू छत्री घेऊन बाहेर पडे आणि संध्याकाळी कुठूनशी तोफ घेऊनच परत येई. म्हणून तर शेठ त्याला सहन करत.

संपाआधी हा लवू लालबागच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. वीसेक वर्षांच्या नोकरीतून त्यानं घरी आणला तो एक धोटा. सुताची कांडी पोटात घेऊन साच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो तो लाकडी धोटा, होडीच्या आकाराचा, धावून धावून आरशासारखा गुळगुळीत झालेला. जोगेश्वरीच्या खोलीत तो देवांच्या फळीवर असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघर हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते. त्या दिवशी लवूची बायको जानकी धोट्याला पाटावर बसवून हळदकुंकू वाही. घरात विळी होती, हातोडी होती, पण जानकीच्या लेखी घराचं अवजार एकच.

गोदामात खोट्या बंदुकांचं एक कपाट होतं. त्याची किल्ली ज्याच्या कमरेला तो कायम माणूस, बाकी सगळे रोजावर. किल्लीवाले सीतारामकाका म्हातारपणी गावी गेले आणि तेव्हापासून किल्ली शेठच्या गल्ल्यामागे खिळ्याला लटकत होती. लवूचा सगळा जीव त्या खिळ्यावर. गिरणी गेल्यापासून त्याला कुणी कायम म्हटलं नव्हतं. एकदा त्यानं धीर करून विचारलंही.

शेठ हसले. "लवू, तू येईल त्याला 'मिळेल' म्हणतोस. खोटी असली तरी बंदूक आहे ती. उद्या कुणी टपोरी येऊन म्हणेल, बँकेत जायचंय, एक पिस्तूल द्या. तू त्याला दोन देशील."

लवूनं मान डोलावली, कारण ते खरं होतं.

आणि शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर एक दिग्दर्शक गोदामात आला. खिशात परदेशी मासिकातलं कापलेलं चित्र. म्हणाला, "माझा खलनायक अमेरिका फिरून आलाय, त्याच्या हातात दुनाळी शोभत नाही. कडी उचलून मागं ओढायची ती नेहमीची रायफलपण नको. ही बघा, पंपवाली. बंदुकीच्या नळीखालची ही लाकडी मूठ मागं ओढायची, पुढं ढकलायची. रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. खटाखट. अशी मिळेल का?"

शेठनं हात उचलून लवूला थांबवायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी लवू फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात चित्र घेऊन उभा. दुकानदार पारशी म्हातारा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. चित्र बघून तो इतका खूश झाला, जणू लग्नाआधीची कुणी भेटली.

"डिकरा, दुनाली सांग, देते. सरकारी कारखान्याचा रायफल सांग, देते. लायसन आण ने घेऊन जा. पन हा पंपवाला? बंदुकीत पंप मी पायला, रायफलमधे पंप लई थोडा. आता बाहेरचा माल येयाचा रस्ताच बंद. आसला तर कोन राजाच्या घरात, भिंतीवर टांगलेला आसेल." मग त्यानं खणातून एक वापरलेलं पितळी काडतूस काढून लवूच्या तळहातावर ठेवलं. बुडाच्या बरोबर मधोमध बारीक खळगा. "हे बग, हितं मधे ठोका. छोट्या रायफलीत काठावर मारते, मोठ्यात मधे. ठेव तुला. हेला लायसन नाय लागत."

लवूनं ते खिशात टाकलं आणि उगाचच दिवसभर अंगठ्यानं खळगा चाचपत राहिला.

राजा काही सापडला नाही, पण मढला बस्त्यावअंकल सापडले. त्यांच्या थोरल्या भावाला शिकारीचा नाद होता, आणि तो गेल्यावर त्याची अमेरिकन पंपवाली रायफल परवान्यासकट अंकलच्या नावावर झाली होती. लवू वर्सोव्याहून तरीत बसून खाडीपलीकडे गेला. अंकलनी कपाट उघडलं. तीच. अगदी चित्रातली.

"अंकल, शूटिंगपुरती, चार दिवस..."

"नाय."

"हातात तरी घेऊ?"

"नाय. परवाना माझ्या नावावर. बंदूक ज्याच्या घरात, त्याला नाय बोलाय आलंच पायजे. नायतर त्यानं कोंबड्या पाळाव्या." पण लवूचा चेहरा पडलेला बघून ते जरा विरघळले. रायफल रिकामी आहे याची खात्री करून त्यांनी स्वतःच एकदा मूठ मागं ओढली, पुढं ढकलली.

खट्-खटाक्.

हा आवाज लवूच्या ओळखीचा होता. धोटा एका टोकाला आपटून परत फिरतो, तोच. आणि ती नळीखालची लाकडी मूठ, पोटात पोकळ, दोन्हीकडं निमुळती, ती तरी दुसरं काय होती? तरीतून परतताना तो एकटाच हसत होता, आणि शेजारची मासळीवाली मंजुळा टोपली घेऊन जरा लांब सरकली.

मग काय, लवूला कामाचं वेड लागलं. मोडक्या बॅटीचा दस्ता केला. विजेच्या वायरी घालतात त्या पाइपाची नळी केली. छत्रीची स्प्रिंग काढून पोटात अशी बसवली की मूठ ओढली की बाजूच्या खिडकीतून काडतूस उडून पडावं. बार उडणार नव्हता, त्याचा आवाज नंतर भरला असता. पण मूठ काही जमेना. चार लाकडं कोरली, चारही अडकली. शेवटी एके दुपारी, जानकी पाण्याला गेलेली असताना, त्यानं देवांच्या फळीवरचा धोटा उतरवला, देवांकडं न बघता त्याच्या लोखंडी चोची काढल्या आणि तो नळीखाली चढवला. धोटा असा सरकला की जणू इतकी वर्षं तो कंटाळून बसला होता. काडतूस उडून थेट देवांच्या फळीवर गेलं. लवू खोलीत गोल गोल नाचला. काडतूस बाहेर उडतं ही गंमत त्यानं शेठनासुद्धा सांगितली नाही, ती सेटवर दाखवायची होती.

शूटिंगची तारीख नेमकी खंडेनवमीची निघाली. सकाळी जानकीनं पाट मांडला, फळीवर हात घातला आणि थबकली.

"धोटो खंय गेलो?"

लवूनं चादरीतून रायफल काढली आणि पाटावर ठेवली. बोट दाखवलं. जानकीनं हळदीचा करंडा बाजूला सरकवला. लवूला वाटलं, आता जेवण बंद.

"माका इचारूक होया होता," ती म्हणाली. मग तिनं मूठ हळूच मागंपुढं करून बघितली. खट्-खटाक्. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "अजून तसोच धावता. हेच्या तोंडात काय घालतत?"

"काडतूस."

"आणि आता?"

"आता उपाशी आसा."

"पूजा करतंय. पन पूजा केलेला हत्यार आज चालवचा नाय, म्हायत आसा मा?"

"अगो, ह्या खरा हत्यार नाय."

"धोटो खरो आसा," जानकी म्हणाली आणि हळदीचा करंडा उघडला. लवू आंघोळीला पळाला.

मढच्या बंगल्यावर सगळी तयारी झाली होती. बस्त्यावअंकलही कुंपणाला टेकून मजा बघत होते. बंदुकीवरचं हळदकुंकू लवूनं तरीतच पुसून काढलं होतं. खलनायक जिन्यावरून ऐटीत उतरला, हात वर केलेल्या हिरोसमोर उभा राहिला, भुवई उडवली आणि तालमीसाठी मूठ खसकन मागं ओढली.

बंदुकीच्या खिडकीतून मूठभर तांदूळ उडाले आणि हिरोच्या डोक्यावर पडले. पाठोपाठ झेंडूच्या पाकळ्या.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग वर शिडीवर बसलेला लाइटवाला दत्ताराम खणखणीत आवाजात म्हणाला, "शुभमंगल सावधान." त्यासरशी सगळा बंगला हसून कोसळला. खलनायक जिन्यावर बसला. हिरोनं केसांतून अक्षता काढून त्याच्यावर टाकल्या. कॅमेरामननं पोट धरलं. एकटे मार्तंडशेठ हसत नव्हते, आणि लवूला भर दुपारी ती खिळ्यावरची किल्ली लांब लांब जाताना दिसत होती. उपाशी आहे म्हटल्यावर जानकीनं रायफलीला जेवू घातलं होतं.

दिग्दर्शकानं डोळे पुसले. मग एकदम हात वर केला. "थांबा. ही फेकते? मी नुसती सरकणारी समजत होतो. तांदळाऐवजी दुसरं काही फेकेल?"

लवूनं खिशातलं पारशाचं काडतूस काढून दाखवलं. दिग्दर्शकाचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

"झकास. घाल आत. चला, लगेच टेक घेऊ. चालेल ना आत्ता?"

लवूनं तोंड उघडलं. 'मिळेल' जिभेवर येऊन बसलं होतं. इतक्यात त्याची नजर मुठीवर गेली. खाचेत राहिलेली हळदीची बारीक रेघ त्याच्या पुसण्यातून सुटली होती.

"नाही," लवू म्हणाला.

मार्तंडशेठ जागेवरून उठले. असा शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"पूजा झालीय हिची," लवूनं काडतूस परत खिशात टाकलं. "आज खंडेनवमी. अक्षता उडाल्या त्या पूजेतल्या, पण आता उद्यापर्यंत नाही. साहेब, तुम्ही शेठना सांगून माझा रोज बंद करा, पण आज नाही."

"अरे, लाकडाची बंदूक ती."

"मूठ माझी खरी आहे, साहेब. गिरणीतली."

मग दत्ताराम शिडीवरून खाली उतरला आणि म्हणाला, आमच्या लाइटांची पूजा कुणी केलीय? सुतारांनी हातोड्या खाली ठेवल्या. कॅमेरामननं घाईघाईनं नारळ मागवला. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला आणि त्या दिवशी हिरोईनची बंदुकीशिवायची दृश्यं उरकली. कुंपणापलीकडून बस्त्यावअंकल ओरडले, "हां, आता बंदुकीचं कपाट ठेव घरात, कोंबड्या नको."

दसऱ्याला सकाळी खट्-खटाक् झालं, काडतूस उन्हात चमकत उडालं, पायरीवर टणकन पडलं, आणि पहिल्याच टेकला दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. परतीच्या तरीत मार्तंडशेठनी खिशातून किल्ली काढली आणि लवूच्या हातावर ठेवली. लवूनं ती दोन्ही हातांनी धरली आणि त्याला रडू आलं, आणि रडता रडता तो हसू लागला, आणि शेजारची मंजुळा पुन्हा टोपली घेऊन लांब सरकली.

घरी जानकीनं किल्ली उलटसुलट करून बघितली आणि फळीवर, धोट्याच्या रिकाम्या जागी ठेवली.

"फुडल्या वर्साक हेची पूजा," ती म्हणाली. "कुलूपय घेऊन येवा."

"हाडतंय," लवू म्हणाला. "पन कुलपाच्या तोंडात अक्षता घालू नको हां."

"मगे ता उपाशी ऱ्हवात," जानकी म्हणाली आणि सोनं म्हणून आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं.