पाणी येणार, लिंक खाली

माझा ब्लॉग घरगुती दुरुस्तीचा आहे. गळका नळ, कुकरची सैल झालेली मूठ, फिरतो पण वारा देत नाही असा पंखा, असले विषय. मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. गेली वीस वर्षं घरातलं असं कुठलंही काम मी बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं नाही, कारण आमच्याकडे मिस्त्री 'हे काय, आलोच' म्हणतो आणि आठवड्याने उगवतो. मला वाट बघणं जमत नाही. म्हणून स्वतः शिकले, आणि शिकलेलं दर रविवारी लिहायला लागले. वर्षभरात चाळीसेक लेख झाले. रोजच्या भेटी नऊ-दहा. त्यातल्या तीन-चार माझ्याच, कारण कुणी आलं का हे बघायला मी जायचे आणि ते यंत्र मलाही मोजायचं.

आपण लिहिलेलं कुणा अनोळखी माणसाने वाचावं आणि त्याचा नळ गळायचा थांबावा, एवढीच माझी इच्छा होती. ती इच्छा वाटते तेवढी साधी नाही, हे मला पुढे कळलं.

मुलगी पुण्याला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "आई, कुणाला माहीतच नाही तर वाचणार कोण? छोट्या पोस्टवाल्या ॲपवर खातं काढ. रोज दोन-तीन ओळी टाकायच्या, खाली ब्लॉगची लिंक."

"दोन ओळींत नळ कसा दुरुस्त व्हायचा?"

"तिथे नळ नाही दुरुस्त करायचा, आई. तिथे लोकांना बोलवायचं."

खातं काढलं. स्वतःच्या फोटोऐवजी पान्ह्याचा फोटो लावला. पहिल्याच पोस्टला ॲपने लाल आकडा दाखवला. मजकूर जास्त झाला. मी अक्षरं मोजली तर बसत होती. मग लक्षात आलं की ते काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जेवढी जागा, त्याच्या जेमतेम निम्मी आपल्याला. मी 'करावयाचे' लिहिणारी बाई, कार्यालयातली सवय. 'करा'वर आले.

पहिला आठवडा मी दिवसातून चार वेळा लिंक टाकली. गावात सर्कस आली की भोंगा लावलेली रिक्षा फिरते, तशी. अनुसरण करणारे तिघे मिळाले. एक बूट विकणारा, एक रोज मावळत्या सूर्याचे फोटो टाकणारा आणि तिसरी माझी मुलगी. नवरा सकाळी पेपर खाली न ठेवता विचारायचा, "काय, तुमच्या पान्ह्याला आलं का कुणी स्थळ घेऊन?"

मी हसले नाही. मला चैन पडत नव्हतं. कार्यालयात फायलीखाली फोन ठेवून दर दहा मिनिटांनी बघायचे. एका दाखल्यावर जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख घातली, तेही आयुष्यात पहिल्यांदा. भाजी फोडणीला टाकून बघायचे, तवा तापेपर्यंत बघायचे. आकडा तीनच.

मुलगी म्हणाली, "तू नुसती ओरडतेस, आई. लोकांशी बोल."

"ओळख ना पाळख, काय बोलू?"

"एसटीत बोलतेस ना? जालन्यापर्यंत शेजारच्या बाईचं माहेर, सासर, गुडघेदुखी सगळं काढतेस. तसं."

म्हणून मी एसटीसारखी बोलायला लागले. कुणी लिहिलं की मिक्सर बंद पडला, की मी उपाय सांगायचे. काहींनी आभार मानले. एकाने लिहिलं, 'काकू, मी विनोद केला होता.' आकडा एकवीसवर गेला आणि तिथेच बसला.

मग एका सकाळी आमच्या लाइनीला अकराव्या दिवशी पाणी आलं. पाणी रोज येणाऱ्या गावातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी तास-सव्वा तास नळ येतो. घराघरात निळे ड्रम असतात, त्यांत साठवायचं आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचं. त्या सकाळी भरता भरता पाइप फाटला. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिथे आवळली, फोटो काढला आणि लिहिलं, 'अकरा दिवसांनी पाणी. पाइप फाटला. ट्यूबची पट्टी. चार मिनिटं.' लिंक टाकायला वेळच नव्हता.

दुपारपर्यंत ती पोस्ट गावभर झाली होती. पाइपबद्दल एकाने विचारलं. बाकी सगळ्यांचा एकच प्रश्न होता, 'कोणत्या लाइनीला आलं? आमच्याकडे कधी?'

मला धागा सापडला. प्रत्येक भागाचा व्हॉल्व्ह उघडणारा जो माणूस असतो, त्याला आम्ही वॉलमन म्हणतो. आमचा वॉलमन रोज चारच्या सुमारास शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेतो. मी फाटकाशी जाऊन विचारायला लागले.

"उद्या कुठं देऊन राह्यले, भाऊ?"

"उद्या बाजाराकडची लाइन, मॅडम. तुमचं परवा."

मी ते टाकायचे आणि खाली ब्लॉगची लिंक. लोक पाण्यासाठी यायचे, त्यातले थोडे लिंकवरही जायचे. रोजचे चाळीस झाले, नव्वद झाले, एका दिवशी दोनशे. वॉलमनही खूश. म्हणाला, "बरं झालं मॅडम, लोक मला रस्त्यात धरीत न्हाईत आता. तुम्हालाच धरू द्या." मी हातपाय न धुता आधी आकडे बघायला बसायचे. दोनशे अनोळखी माणसं. निदान मला तरी ती अनोळखी वाटत होती.

तेव्हा मी एक नवा लेख लिहिला होता, साठवणीचा ड्रम कसा धुवावा. ताजं पाणी येण्याआधी जुनं पूर्ण ओतून द्या, तळाचा गाळ खराट्याने खरवडा, ड्रम पालथा घालून निथळू द्या. मजकूर चोख होता. तो वाचला जावा असं मला फार वाटत होतं.

शनिवारी वॉलमनला विचारलं. चहा बशीत ओतत तो म्हणाला, "पंपावर मोटर जळाली ना मॅडम. दुसरी बसवून राह्यलेत. बसली तं उद्या सकाळी सातला तुमच्या लाइनीला देतो. न्हाई बसली तं मंग परवा-तेरवा."

मी फाटकाशीच उभी राहून टाइप केलं. 'मोटर बसली तर उद्या सकाळी सातला आपल्या लाइनीला पाणी. आज ड्रम धुऊन ठेवा. योग्य पद्धत, लिंक खाली.' त्यापुढे गावाचे आणि पाण्याचे हॅशटॅग, मुलीने शिकवलेले. लाल आकडा आला. बारा अक्षरं जास्त. मी 'मोटर बसली तर' काढलं.

हॅशटॅग काढता आला असता. लिंक काढता आली असती. जागा नव्हती म्हणून काढलं असं मी पुढे दोन दिवस सांगत फिरले, पण ते अर्धंच खरं आहे. 'बसली तर' असलेली पोस्ट कुणी पुढे पाठवत नाही. 'उद्या सातला पाणी' पाठवतात.

संध्याकाळी भेटी चारशेच्या वर गेल्या. गल्लीत खराट्यांचा आवाज येत होता. मी ओट्यावर भाजी निवडत ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. मी लिहिलेलं लोक हातात खराटा घेऊन वाचत होते.

रविवारी सात वाजले. नळातून नुसती हवा. साडेसात. आठ. मी पंपावर फोन लावला, लागला नाही. वॉलमनला लावला. तो म्हणाला, "न्हाई बसली ना मॅडम मोटर. मी तं सांगितलं होतं तुम्हाला."

फोनवर ओळीने प्रश्न येत होते. मी एकालाही उत्तर दिलं नाही. घरातल्या घरात फेऱ्या मारत होते, नळ उघडत होते, बंद करत होते. नवरा म्हणाला, "तो नळ तरी मोडू नको, नाहीतर त्याच्यावरही लेख लिहावा लागेल."

साडेआठला शेजारीण आली. आमची भिंतीला भिंत, अठरा वर्षांची. एरवी मला ताई म्हणते. त्या दिवशी दारातूनच म्हणाली, "मॅडम, पाणी कुठंय?"

मला आठवलं. त्या दिवशी अकरा वाजता तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. भोकरदनहून, दोन जीप भरून, पंधरा-सोळा माणसं. तिने आठवडाभर आधी मलाही बोलावून ठेवलं होतं.

"घरात किती आहे?" मी विचारलं.

"एक हंडा. पिण्याचा. तीन ड्रम काल ओतले. तुमचं वाचून ओतले! पोरीने वाचून दाखवलं, तुम्ही लिहिलं तसं गाळ खरवडून, पालथे घालून. पाहुण्यांना हात धुवायला काय देऊ मी?"

"टँकर?"

"लावला की फोन. त्यो वाटूर फाट्याला गेल्ता सकाळीच. दुपारच्याला येतो म्हणतो."

बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या मागच्या अंगणात गेलं. तिथे माझे दोन ड्रम उभे होते. झाकण लावलेले. एकाच्या झाकणाखालून, पाण्यात सोडलेल्या तांब्याला बांधलेला दोरा बाहेर लोंबत होता.

ती तशीच आत आली, एक झाकण उचललं, परत ठेवलं.

"तुम्ही न्हाई धुतले?"

मी पुढे होऊन ते झाकण नीट बसवलं.

"गावाला सांगितलं धुवा म्हणून. तुम्ही न्हाई धुतले."

"मोटर बसली तर पाणी येणार होतं, वहिनी. मला माहीत होतं ते."

"मंग आम्हाला का न्हाई सांगितलं?"

याला उत्तर होतं. जागा नव्हती. बारा अक्षरं. तिच्या तोंडाकडे बघत ते मला म्हणता येईना.

मी बादली घेतली. एक ड्रम तिच्याकडे रिकामा केला. मी भरून द्यायची, नवरा भिंतीवरून द्यायचा आणि पलीकडून तिची मुलगी घ्यायची. आज जिला बघायला येणार ती पोरगी, परकर खोचून, केसांना तेल लावलेलं तसंच. ती एकदाच म्हणाली, "काकू, लेख बाकी चांगला होता." आईने डोळे वटारले. तेवढ्यात समोरच्या घरातली कळशी घेऊन आली, मग कोपऱ्यावरची दोन घरं. दहा वाजता माझा दुसरा ड्रमही रिकामा झाला. तळाशी गाळ होता, चांगला बोटभर.

पाहुणे आले. हात धुतले, पोहे खाल्ले, चहा झाला. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते, मोजून एका भगुल्यात. पाहुण्यांमधली एक बाई मागे येऊन म्हणाली, "पाण्याचं लई जपून चाललंय तुमच्याकडं." शेजारीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या मॅडमनी शिकवलंय."

घरी येऊन मी फोन उघडला. ब्लॉगवर त्या दिवशी नऊशे भेटी होत्या. पूर्वी तीन महिन्यांत मिळूनही होत नसत तेवढ्या. मी लिहिलं, 'मोटर बसली तर पाणी येईल असं मला सांगितलं होतं. ती अट मी गाळली. चूक माझी. पाणी उद्या किंवा परवा, तेही मोटर बसली तर.' लिंक टाकली नाही. ब्लॉगवरच्या लेखात पहिलीच ओळ घातली, नळाला धार लागल्याशिवाय जुनं पाणी ओतू नका. ही ओळ आधीच असायला हवी होती. लेख चोख होता असं मी वर लिहिलंय, ते तेव्हाचं मत आहे.

मुलगी म्हणाली, "आई, खातं बंद करू नकोस, लोक विसरतात." लोक विसरले नाहीत. पुढच्या वेळी मी पाण्याची खबर टाकली, अटीसकट, तर खाली पहिलाच प्रश्न आला, 'मॅडम, तुम्ही धुतले का?' दुसरा, 'आधी ड्रमचा फोटो टाका.' शेजारणीने तर फोन बघायचंच सोडलं होतं. भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "पालथे दिसत न्हाईत तुमचे."

"धार लागू द्या की."

"मंग मी बी थांबते."

म्हणून आता मी मजकूर फारसा लिहीत नाही. ड्रमचा फोटो टाकते. उभे असले की लोक थांबतात, पालथे असले की गल्लीत खराटे चालू होतात. लिंक नसते. ब्लॉगच्या भेटी उतरत उतरत पंचविसावर आल्यात आणि ते मला लागतं. मुलगी म्हणते, फोटोखाली लिंक टाकायला काय जातं? टाकावी असं रोज वाटतं. बोट तिथपर्यंत जातं.

काल वॉलमन म्हणाला, "उद्या बराबर तीनला, मॅडम. बिलकुल पक्कं." आज रविवार, तीन वाजून वीस मिनिटं झालीत. नळ हवा ओकतोय. खराटा दाराशी आणून ठेवलाय. भिंतीपलीकडे शेजारीण उभी आहे, तिचा खराटाही हातात आहे, आणि ती नळाकडे नाही, माझ्याकडे बघते आहे.