माफीची डबल बारी

फजिती ऐकायची आहे ना? मग माझीच ऐका. दुसऱ्याची सांगितली तर म्हणाल, म्हातारी चहाटळ आहे. ही मात्र मी माझ्या हाताने, पूर्ण अकलेनिशी आणि माईकवर केलेली आहे.

गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पेडण्यातला आमचा गाव, इब्रामपूरच्या वाटेवरचा. गावात वाडे दोन, वरचा आणि खालचा. पंचायतीची निवडणूक आली की दोन्ही वाड्यांना एकमेकांची डोकी दिसायची ती फोडण्यापुरती. मागच्या खेपेला तर मतपेटी बाजूला राहिली आणि लोक दवाखान्यात रांगेत उभे राहिले.

म्हणून मामलेदार स्वतः आले. भला माणूस. त्यांनी शांतपणे सांगितलं की, यंदा भांडण होण्याची चिन्हं दिसली तर मतदान तुमच्या शाळेत ठेवणार नाही, दोन डोंगर पलीकडच्या गावात नेणार.

हे माझ्याच मुळावर येणार होतं. का ते सांगते. पोर्तुगीज अमदानीत मी शाळेची पायरी चढले नाही. पुडीच्या कागदांवरून अक्षरं ओळखत वाचायला शिकले, आणि मग गावातल्या बायांना घराबाहेर काढून मत टाकायला शिकवलं. नवऱ्याला न विचारता, हे विशेष. आता दोन डोंगर तुडवून कोण बाई जाणार? माझी सगळी मेहनत ओहोळात.

मामलेदार म्हणाले, लोकांना समजवायला काही गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करता येईल का? मी लगेच उठून उभी. दुसरं कोणी उठायच्या आत उठायचं, ही माझी जन्माची खोड.

"डबल बारी लावते," मी म्हटलं.

आता डबल बारी तुम्हाला ठाऊक असेलच. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात. एकाने पदातून टोला हाणला की दुसऱ्याने त्याच विषयावर, त्याच्याहून जड टोला परत द्यायचा. उत्तर सुचलं नाही तो हरला. तिला गर्दी लोटते, भाषणाला कुत्रं येत नाही. वरच्या वाड्याचा भिवाबुवा, म्हणजे माझा सख्खा धाकटा दीर. खालच्या वाड्याचा शाणूबुवा.

भिवा मला म्हणाला, "वयनी, बारी म्हणजे भांडण. भांडण लावून शांतता कशी गो येतली?"

मी त्याला सांगितलं, तुला पेटी वाजवायची अक्कल, मला बाकीची. नियम मी घालून दिले: टोमणा नाही, शिवी नाही, जातपात नाही, उमेदवाराचं नाव नाही. फक्त माफी. एकाने माफ करायचं, दुसऱ्याने त्याहून जास्त माफ करायचं. बघा, किती गोड कल्पना. अजूनही सांगताना मला स्वतःचं कौतुक वाटतं.

रविवारी चार वाजता शाळेच्या मैदानावर दोन्ही वाडे हजर. पुढच्या खुर्चीवर मामलेदार, शेजारच्या खुर्चीवर मी, अंगावर नवी शाल.

भिवाने सूर लावला:

डोकी फोडली तुम्ही आमची, तरी आम्ही माफी दिली,
बांध सरकवला हातभर, तीही गोष्ट मागे गेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग खालच्या वाड्यात कुजबुज सुरू झाली, की बांध कोणी सरकवला? शाणूने गळा साफ केला:

म्हैस आमची कोंडली तुम्ही, मनी नाही धरले,
दूध काढून प्यालात वर, देवाला ते पावले.

आता वरच्या वाड्यातले दोघे उठून उभे राहिले. कुठली म्हैस? कधीचं दूध? माफी द्यायची म्हणजे आधी गुन्हा सांगावा लागतो, हे माझ्या पूर्ण अकलेत आलंच नव्हतं. भिवाने पळवलेला पंप माफ केला. शाणूने विहिरीत टाकलेली मेलेली घूस माफ केली. ज्या भानगडी कोणालाच माहीत नव्हत्या, त्या तालासुरात बाहेर पडत होत्या. बाह्या वर चढल्या. मामलेदार मला विचारू लागले, हे सगळं शांततेचंच चाललं आहे ना? मी म्हटलं, साहेब, थांबा, आता रंगात येईल.

आला रंग. शाणूकडचे गुन्हे बहुतेक संपत आले असावेत. त्याने मैदानभर नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली, आणि हात जोडून गायला:

माटोळीचा चिबूड गेला परसातून आमच्या,
शेवंतीवयनी, माफ केले, पाया पडतो तुमच्या.

चवथीला गणपतीच्या वर चिबूड, दुधी, आंबाडे अशा फळाफुलांची माटोळी बांधतात. त्या वर्षी माझ्या माटोळीला बक्षीस मिळालं होतं. आणि चिबूड मी घेतला होता, नाही कशाला म्हणू? पण चिबूड घेणं वेगळं आणि त्याची पेटीच्या साथीवर माफी मिळणं वेगळं.

मी उठले. शाल पडली. जाऊन शाणूची पेटी धरली. त्याने दुसऱ्या बाजूने धरली. मी ओढतेय, तो ओढतोय, मध्ये भाता ताणला जातोय आणि पेटी माईकसमोर डुकरासारखी ओरडतेय. शेवटी शाणूने सोडली. पेटी माझ्या हातून निसटली ती थेट मामलेदारांच्या पायावर.

मी दिराकडे पाहिलं. म्हटलं, घरचा माणूस, आता वयनीची बाजू घेईल.

भिवा माईकवर म्हणाला, "चिबूड हिणेच न्हेलो. हांवें पळयला." म्हणजे मेल्याने नेताना पाहिलंही होतं.

आणि मग बांध फुटला. खालच्या वाड्यातून आवाज आला, आमचा दुधी. वरच्या वाड्यातून आला, आमच्या पपया. कोणाचे आंबाडे, कोणाचा नारळांचा अख्खा घड. माझी माटोळी दोन्ही वाड्यांनी मिळून वाढवली होती, फक्त त्यांना कळवायचं राहिलं होतं. बांधावाला आणि म्हशीवाला एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. इतकी एकी मी त्या गावात ना आधी पाहिली ना नंतर.

मामलेदारांनी लंगडत जाऊन अहवाल लिहिला. दोन्ही गटांत समेट झालेला आहे, मतदान गावातच घ्यावं, बंदोबस्ताला एक पोलीस पुरे.

मतदान शाळेतच झालं. बाया नटूनथटून, हसतखिदळत मत देऊन आल्या. एक चकमक नाही, एक शिवी नाही. आणि तो एक पोलीस सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत माझ्या घराच्या सोप्यावर बसून होता.