मंद वाऱ्याचं पान

आमच्या घरी जेवायच्या चटईवरच मोर्च्यांच्या पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या. त्यामुळे पंजाबात मोहालीच्या कंपनीत पवनचक्क्यांची माहितीपत्रकं लिहायची नोकरी मिळाली, तेव्हा वाटलं, हे तर घरचंच काम.

डोंगरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला वीज हवी होती. तिथे विजेच्या तारा पोहोचलेल्या नाहीत. आमच्या डेराबस्सीच्या गोदामात एकाच ठरलेल्या गतीने फिरणाऱ्या चक्क्या पडून होत्या, आणि साहेबांना त्याच खपवायच्या होत्या. मी लिहिलं, ही चक्की साधी आहे, कमी बिघडते, पण मंद वाऱ्यात तिच्यापासून वीज जवळजवळ मिळतच नाही. वाऱ्याप्रमाणे गती बदलणारी चक्की मंद वाऱ्यातही बॅटरी भरते. मात्र तिचं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर दुरुस्तीला माणूस इथूनच न्यावा लागेल.

साहेबांनी मंद वाऱ्याचं वाक्य खोडलं. "मॅडमजी, ब्रोशर लिखना है, मोर्चा नहीं निकालना!"

मी म्हटलं, "सर, वहाँ हवा ज़्यादातर धीमी ही रहती है. नापी तो हमने ही है."

ते हसले. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या बाई आल्या, तेव्हा साहेबांसमोरच मी न खोडलेलं पान त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं. "मतलब, आपवाली चक्की से बच्चियाँ अंधेरे में पढ़ेंगी?"

मी म्हटलं, "जी. ज़्यादातर दिन."

नोकरी जाईल, हे मला घरी जाताना खरड गावाच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. तरी त्या पानातला एक शब्दही बदलावासा वाटला नाही.