गड चढण्याआधीचा एक दिवस

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या गप्प बसण्यापर्यंत कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही.

नवरा पाणबुड्या. नव्वदच्या दशकात तो धरणांचे दरवाजे दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होता. आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर भाड्याने राहायचो. मुलाचं जावळ सप्तशृंगीच्या गडावर काढायचं ठरलं. मूल मामाच्या मांडीवर बसवायचं, म्हणून कळवणहून माझा भाऊ आईला जीपमध्ये घालून मुक्कामालाच आला. नेमका त्याच संध्याकाळी धरणाचा दरवाजा अडकला आणि नवऱ्याला तळाशी उतरावं लागलं. घरी आला तो हेच सांगत, "उद्या नको, परवा जाऊ. डुबकीनंतर एक दिवस उंचावर चढायचं नसतं. खोल पाण्यात श्वासातली हवा रक्तात मुरते. लगेच वर गेलं की तिचे बुडबुडे होतात."

"मुरायला ते काय लोणचं आहे?" मी म्हणाले.

खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. लग्नातल्या मानपानावरून त्याचं आणि माझ्या भावाचं बिनसलं होतं. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"सरळ सांगा ना, माझ्या माहेरच्यांची तोंडं बघायची नाहीत."

तो म्हणाला, "ठीक आहे. सकाळी निघू."

गडावर न्हाव्याने वस्तरा काढला तेव्हा नवरा कोपर चोळत होता. झाली नाटकं सुरू, मी मनात म्हटलं. जावळ झाल्यावर मूल त्याच्याकडे द्यायला गेले, तर तो मागे सरकला. "माझ्याकडे देऊ नकोस. बोटांत जोर नाही, पडेल."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आई म्हणाली, "देवीचं काहीतरी चुकलंय. आरती झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही." आणि मीही तिथेच बसून राहिले. त्याची मला आज लाज वाटते.

तेवढ्यात भाऊ उठला, त्याच्यापाशी गेला. "दाजी, खाली उतरलं तर बरं वाटंल का?"

"हो."

भावाने दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याला धरून जीपमध्ये बसवलं आणि घाट उतरायला लागला.

नाशिकला तोंडावर ऑक्सिजन लावला, तसंच मुंबईला नेलं. तिथे बुडबुडे विरावेत म्हणून हवेच्या दाबाच्या बंद टाकीत तो कित्येक तास पडून होता. मी काचेतून बघत होते. हातातला जोर परत आला, दोन बोटं मात्र बधिर राहिली.

आता तो आणि भाऊ फोनवर तासतासभर बोलतात. मला मात्र तो एकदाही "सांगितलं होतं ना" असं म्हणाला नाही. त्याच्या शर्टाची बटणं मीच लावते. लावताना वाटतं, ह्याने मला माफ केलंय, की नुसता गप्प आहे? विचारलं तर तो "केलंय" म्हणेल. आणि मला ते खरं वाटणार नाही.